खाजेचं औषध आणि पाल्याचा अभिमान

वनस्पतींमध्ये खाज शमवणारे घटक शोधायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन्हीकडून बोल खावे लागतात. परंपरेचे अभिमानी म्हणतात, कडुलिंब, करंज, हळद यांचा गुण पिढ्यान्‌पिढ्या पारखलेला आहे. त्यातला एखादा घटक वेगळा काढला की औषधाचा जीवच गेला. आधुनिक औषधांचे अभिमानी म्हणतात, खाजेवर गोळी मिळते, मग पाला कशाला चिवडायचा? भांडण जोरात असलं तरी एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. खाज ही एकच असते आणि तिच्यावर एकच उतारा चालतो, असं दोघेही धरून चालतात. हे गृहीतच खोटं आहे, आणि ते खोटं पाडण्यात एका रानवेलीचा मोठा वाटा आहे.

ती वेल म्हणजे खाजकुइली. तिच्या शेंगांवर तांबूस-सोनेरी लव असते. तिचं एकेक कुसळ कातडीत जेमतेम टोचतं आणि म्युक्युनेन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर तिथे सोडतं. हे विकर चेतातंतूंवरच्या नेमक्या कोणत्या ग्राहींना चेतवतं, ते 2008 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, आणि त्या ग्राहींचा हिस्टामिनशी, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाशी, संबंध नाही. हिस्टामिनच्या खाजेत कातडी लाल होते, गांधी उठतात. खाजकुइलीने माणूस ओरबाडून घेतो, पण तशी गांधी फारशी दिसत नाही, आणि हिस्टामिनविरोधी गोळीला ही खाज बधत नाही. इसबाची किंवा मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांची खाज बरीचशी या दुसऱ्या जातीची असते. म्हणून अंगावर पित्त उठलेल्याला जी गोळी आराम देते, तीच जुन्या पद्धतीची गोळी इसबाच्या रुग्णाला फार तर झोप आणते. ‘गोळी आहे ना’ हे उत्तर इथेच लंगडं पडतं. याच कुसळांनी पुढे आणखी एक गंमत दाखवली. उष्णतेने त्यांचं विकर निकामी करून त्यांवर मिरचीतलं कॅप्सायसिन चढवलं आणि ती टोचली, तर त्या बिंदूवर खाज सुटते. तेच कॅप्सायसिन मोठ्या भागावर चोळलं तर आग होते, आणि मलमातून रोज लावत राहिलं तर तिथल्या तंतूंची संवेदना मंदावते. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या खाजेवर ते वापरून पाहिलं गेलं ते याच आधारावर. मिरची खाजेला चांगली की वाईट, असा प्रश्न मग विचारताच येत नाही. किती, कुठे आणि किती दिवस, हे सांगावं लागतं, आणि मूठभर पाल्यात घटक किती आहे हे ठाऊक नसताना ते कुणालाच सांगता येणार नाही.

घटक वेगळा काढला की गुण जातो, या आक्षेपाला तर गोव्याच्या नावाचंच उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर ‘गोवा पावडर’ लावत. नाव गोव्याचं, माल मात्र ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातला, पोर्तुगीजांच्या व्यापारातून इकडे आलेला. (आपल्या अस्सल देशी औषधांची वंशावळ काढायला बसलो तर असे पाहुणे आणखीही निघतील.) 1870च्या दशकात तिचं रासायनिक पृथक्करण झालं, लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली, आणि तिच्यातल्या क्रायसारोबिनच्या धर्तीवर 1916 साली जर्मनीत डिथ्रेनॉल आलं. ते आजही वापरात आहे. हे औषध निरोगी कातडी भाजतं, कपड्यांवर जांभळट-तपकिरी डाग पाडतं. म्हणूनच ते अगदी कमी प्रमाणापासून सुरू करून बेताने वाढवतात. हा बेत घटक मोजता आला म्हणून शक्य झाला. आपल्या टाकळ्याच्या बियांतही याच कुळातलं क्रायसोफॅनॉल असतं. कोकणात पावसाळ्यात ज्याची कोवळी पानं भाजीला खुडतात तोच हा टाकळा, आणि त्याच्या बिया गजकर्णावर वाटून लावण्याची रीत जुनी आहे. एवढ्या सुगाव्याला थोतांड म्हणणं हा आळस आहे.

सुगावा मिळाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असंही नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात 814 खरजेच्या रुग्णांना कडुलिंब आणि हळदीचा लेप लावला, आणि 97 टक्के रुग्ण 3 ते 15 दिवसांत बरे झाल्याचं नोंदवलं. आकडा दिपवणारा आहे, पण शेजारी तुलनेचा गट नसेल तर तो लेपाच्या खात्यावर किती जमा करायचा? कोरड्या कातडीला नुसतं तेल चोळलं तरी खाज उतरते. म्हणून मलमातल्या घटकाची परीक्षा घ्यायची तर घटक नसलेलं तेच मलम दुसऱ्या गटाला द्यावं लागतं. कॅप्सायसिनच्या बाबतीत तेही अवघड, कारण ज्याची आग होते त्याला आपल्या हाती कोणती ट्यूब आली ते लगेच कळतं. अशा कसोटीवर काही नावाजलेल्या गोष्टी पडतात: ईव्हनिंग प्रिमरोझचं तेल इसबावर पोटातून घेऊन बनावट औषधापेक्षा सरस ठरत नाही, असं आधीच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2013च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं.

निदान अपाय तरी नाही, हा शेवटचा बचाव असतो. 1999 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या तपासणीत, वनस्पतीजन्य म्हणून दिलेल्या 11 चिनी मलमांपैकी 8 मलमांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सापडलं. खाज थांबते ती पाल्याने की भेसळीने, हे रुग्णाला कळणार कसं? स्टिरॉइडने खाज दबते आणि नायटा मात्र पसरत राहतो, हे तर मिश्र मलमांच्या कृपेने आपण रोज पाहतो.

घटक शोधले की परदेशी कंपन्या ते पळवतील, ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पण जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेतलं 1995चं पेटंट 1997 साली रद्द झालं, ते रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने लेखी पुरावे पुढे ठेवले म्हणून. उद्या टाकळ्यातल्या एखाद्या घटकाच्या ठरावीक मात्रेवर कुणी हक्क सांगितला, तर आजी लावायची एवढं सांगून भागणार नाही. कोणत्या बिया, त्यांत क्रायसोफॅनॉल किती, कोणत्या खाजेवर लावलं आणि कोरं मलम लावलेल्यांपेक्षा आराम किती जास्त पडला, हे आधीच छापलेलं असावं लागेल.