ढीग निवू द्या

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला काळपट ढीग वाढू लागतात. १०० टन ऊस गाळला की साधारण ३ ते ४ टन प्रेसमड, म्हणजे रस साफ करताना उरणारा गाळ, निघतो. डिसेंबरच्या पहाटे त्या ढिगातून वाफा निघत असतात. कोपरापर्यंत हात खुपसला तर चटका बसतो. हाच ताजा, मेणचट गाळ ट्रॉलीने आणून थेट लसूणघासाच्या वाफ्यात ओतणारे आम्ही पाहिले आहेत. कोवळा घास पिवळा पडतो आणि शिव्या खातो बियाणेवाला!

नीट कुजलेला प्रेसमड ही मात्र निराळीच चीज. त्यात सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि कॅल्शियम असतं. पालाश मात्र कमी. हत्ती गवताची तर वर्षभर कापणी चालते आणि प्रत्येक भाऱ्याबरोबर शेतातलं पालाश बाहेर जातं. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे तिथल्या सांडपाण्यात, पालाश भरपूर, म्हणून तो प्रेसमडच्या ढिगावर मारून कंपोस्ट करतात.

पण वैरण म्हणजे ऊस नव्हे. ती सरळ गव्हाणीत जाते. नत्र जास्त झालं तर मका-कडवळात नायट्रेट साठू शकतं. पालाशचा अतिरेक झाला की जनावराला मॅग्नेशियम कमी पडतं, गाय थरथरू लागते. क्षार वाढले तर जमीनही खारवट होते. ‘फुकट मिळतंय, टाका’ म्हणणाऱ्यांनी आधी माती तपासून घ्यावी.

या अंकातला मुख्य लेख याच ढिगावर आहे: तो कधी पालथा घालायचा, ओल किती ठेवायची आणि खत तयार झालं हे हाताला कसं कळतं.