युगांडाला पक्षी बघायला निघालात? मग मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही घ्या

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवीन प्रकारचे पेशंट येऊ लागले आहेत. नुकतेच निवृत्त झालेले, तब्येत बऱ्यापैकी, पक्षिनिरीक्षणाचा नाद लागलेले, आणि येत्या रविवारी युगांडाला निघालेले. कॅमेऱ्याची मोठी लेन्स घेऊन झालेली असते, पक्ष्यांची यादी पाठ असते. माझ्याकडे येतात ते शेवटच्या आठवड्यात, "डॉक्टर, प्रवासाला म्हणून जुलाबाच्या दोन गोळ्या लिहून द्या" असे सांगत.

मी विचारतो, "मलेरियाचं काय?"

ठरलेले उत्तर येते. "आम्हाला काय मलेरिया नवीन आहे का? आयुष्य मुंबईत गेलं. गोऱ्या लोकांना लागतात त्या गोळ्या."

हा लेख याच एका उत्तराबद्दल आहे. कारण ते चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत मी एका पेशंटमध्ये जवळून पाहिली आहे.

आधी तुमच्या बाजूने बोलतो. युगांडाला जावे असेच आहे. महाराष्ट्राहून लहान देश, पण तिथे हजाराहून जास्त जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. एंटेबेजवळच्या माबाम्बा दलदलीत पपायरसच्या बेटांमधून होडीने जायचे आणि तो जोड्यासारख्या चोचीचा शूबिल पुतळ्यासारखा उभा असलेला बघायचा, हे स्वप्न कोणाला पडत नाही? बविंडीचे जंगल आहे, मर्चिसन धबधब्याचा परिसर आहे. जाऊ नका असे मी कोणालाच सांगत नाही. सत्तरीच्या मधुमेही माणसालाही नाही.

पण युगांडा हा जगातल्या सर्वांत जास्त मलेरिया असलेल्या देशांपैकी एक आहे. तिथे तो वर्षभर असतो आणि जवळजवळ सगळ्या भागांत असतो. त्यातला बहुतेक सगळा फाल्सिपेरम जातीचा. आपल्याकडे अनेकांना होऊन गेलेला असतो तो व्हायवॅक्स. थंडी वाजून ताप आला, चार दिवस हैराण झालो, गोळ्या घेतल्या, बरे झालो, ही आपल्या डोक्यातली मलेरियाची आठवण बहुधा व्हायवॅक्सची असते. फाल्सिपेरमचे काम वेगळे. त्याने ग्रासलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात आणि मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसे यांचा रक्तपुरवठा अडवतात. उपचाराला उशीर झाला तर दोनतीन दिवसांत माणूस बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो.

मग प्रतिकारशक्तीचे काय? युगांडाच्या खेड्यातल्या माणसाला लहानपणापासून वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागण होते. जे त्यातून वाचतात त्यांच्या शरीरात थोडेफार संरक्षण तयार होते. तेही अर्धवटच, आणि तोच माणूस काही वर्षे परदेशात राहिला तर ओसरते. पुण्यात किंवा ठाण्यात राहणाऱ्या तुमच्या-माझ्याकडे ते नसतेच. वीस वर्षांपूर्वी एकदा झालेला व्हायवॅक्स फाल्सिपेरमपासून वाचवत नाही. या बाबतीत लंडनहून आलेला पर्यटक आणि दादरहून गेलेले तुम्ही, दोघे सारखेच कोरे.

आता त्या पेशंटची गोष्ट. साठी ओलांडलेले गृहस्थ, निवृत्त शिक्षक. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील गाळतो. त्यांनी गोळ्या नेल्या होत्या, तिथे इमानदारीने घेतल्याही. विमानतळावर उतरले आणि बंद केल्या. "डास तिकडे राहिले, आता कशाला?" दोन आठवड्यांनी ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून तीन दिवस औषध दिले. पावसाळा होता, डेंग्यूची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. युगांडा हा शब्द कोणी विचारला नाही आणि यांनीही सांगितला नाही. माझ्याकडे आणले तेव्हा डोळे पिवळे होते, बोलणे असंबद्ध होते. अतिदक्षता विभागात आर्टेसुनेटची इंजेक्शने, डायलिसिस, सगळे झाले. वाचले. पण पुढे तीन महिने त्यांना जिना चढवत नव्हता.

त्यांची गोळी डॉक्सिसायक्लिन होती, आणि ती परत आल्यावर चार आठवडे घ्यायची असते. का, ते समजून घ्या. डास चावल्यावर मलेरियाचे जंतू आधी यकृतात जातात. तिथे आठवडाभर किंवा थोडे जास्त दिवस गुपचूप वाढतात, तेव्हा ताप नसतो, रक्ताच्या तपासणीत काही दिसत नाही. मग ते रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः त्यांना रक्तात गाठते. परतीच्या आदल्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू तुम्ही घरी आल्यावर, सामान आवरून फोटो निवडत बसलेले असताना रक्तात येतात. त्या वेळी गोळी बंद असेल तर त्यांना अडवायला कोणी नसते.

अॅटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल यांची एकत्र गोळी यकृतातल्या जंतूंवरही काम करते. म्हणून ती परतल्यावर सातच दिवस पुरते. निघण्याच्या एकदोन दिवस आधी सुरू करायची आणि रोज एक, जेवणाबरोबर. माझी पसंती साधारणपणे हिलाच असते, पण ती महाग आहे आणि आपल्याकडे प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही, मागवावी लागते. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण उन्हाने त्वचा भाजू शकते, आणि पाणी न पिता घेऊन लगेच आडवे झालात तर अन्ननलिकेला जखम होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण ती दोनतीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि फिट्स किंवा नैराश्याचा इतिहास असेल तर अजिबात नाही. जुनी क्लोरोक्विन तिथे उपयोगाची नाही, घरातली पट्टी उचलून नेऊ नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे चालू असतील तर निवड करण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवे. हे सगळे रविवारी निघायचे असताना शुक्रवारी बसत नाही. सहा आठवडे आधी या.

सहा आठवड्यांचे दुसरे कारण पिवळा ताप. युगांडात शिरायला या लसीचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होते आणि एका डोसवर आयुष्यभर चालते. परत येतानाही ते जवळ हवे. वैध प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, वेळ आधी घ्यावी लागते. आणि ही जिवंत जंतूंची लस आहे. साठीच्या पुढे ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये क्वचित, पण गंभीर त्रास होऊ शकतो. स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असेल, थायमस ग्रंथीचा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल, तर रांगेत उभे राहण्याआधी सांगा. आपल्या पक्षिमित्रांत साठीच्या पुढचेच जास्त, म्हणून हे ठळकपणे सांगतो. सहलीच्या आयोजकाने "सगळ्यांचं एकदम करून टाकू" म्हटले, म्हणून तुमचा इतिहास बदलत नाही.

गोळी असली तरी डास चावू न देणे हेच पहिले. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही रातवे आणि घुबडे शोधत उभे असता. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या त्वचेवर औषध. आपल्याकडच्या बऱ्याच मलमांत औषधाचे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास असते. तिथे वीस टक्के किंवा जास्त हवे, नाही तर पुन्हा पुन्हा लावावे लागते. सनस्क्रीन आधी, हे नंतर. एक व्यवहाराची गोष्ट: डीट प्लास्टिक आणि रबर खराब करते. ते लावलेल्या हाताने दुर्बीण धरलीत तर तिचे आवरण चिकट होऊ लागते. पिकारिडिनचा हा त्रास नाही. आमच्या ओळखीच्या एकाने दुर्बिणीच्या काळजीपोटी मलमच लावले नव्हते. अशा लोकांसाठी हे वाक्य.

कपड्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. गडद निळे आणि काळे कपडे त्सेत्से माशीला आकर्षित करतात. तिचा चावा कापडातूनही लागतो, मलमाला ती फारशी जुमानत नाही, आणि तिच्यातून क्वचित निद्रारोग होतो. खाकी, मातकट रंग बरे. पण पक्षिमित्रांचे आवडते लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका. युगांडात सामान्य माणसाने ते घालणे बेकायदा आहे.

बाकीचे थोडक्यात. व्हिक्टोरिया सरोवरात पाय सोडून बसू नका, उथळ पाण्यात बिलहार्झियाचे जंत असतात आणि ते अखंड त्वचेतून शिरतात. वटवाघळांच्या गुहेत जाऊ नका. २००८ साली युगांडातल्या अशाच एका गुहेला भेट दिलेल्या डच पर्यटक महिलेचा मारबर्ग विषाणूने मृत्यू झाला होता. जुलाबासाठी मीठसाखरेची पाकिटे न्या, त्यांना पर्याय नाही.

बीपी-शुगरची औषधे दुप्पट दिवसांची, हातातल्या सामानात, चिठ्ठीसह. इन्सुलिन विमानाच्या पोटात टाकू नका, तिथे गोठू शकते. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे इन्सुलिनचे वेळापत्रक फार बदलत नाही. पण पहाटे न खाता चालायला निघण्याची पद्धत शुगरच्या गोळ्यांवर असणाऱ्याला धोक्याची. खिशात बिस्किटे हवीतच. बविंडीचे चढ निसरडे आहेत, गुडघे दुखत असतील तर दोन महिने आधीपासून जिने चढायला लागा. आणि ताईंनो, मावशींनो, वाटेत सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणे थांबवा. त्या सहलींवरून परतल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन येणाऱ्या तुम्हीच जास्त असता. गाडी थांबवायला सांगा. शूबिलसाठी तासभर थांबणारा गट तुमच्यासाठी पाच मिनिटे थांबेल.

परत आल्यावर पुढचे तीन महिने तर नक्कीच, आणि एरवीही वर्षभर, ताप आला तर तो मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजा. गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी. त्याच दिवशी रक्त तपासा. एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून सुटलो समजू नका, ताप असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी पहिले वाक्य हेच असू द्या: "मी अमुक तारखेला युगांडाहून आलो, ही गोळी घेत होतो, अमुक दिवशी थांबवली." घरच्यांनाही ते सांगून ठेवा, कारण तेव्हा तुम्ही स्वतः नीट बोलण्याच्या स्थितीत असालच असे नाही. त्या शिक्षकांच्या पत्नीला गोळ्यांचे नाव माहीत नव्हते. शेवटी कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कप्प्यात उरलेली पट्टी सापडली.