मळ्यात सगळ्यांना काम आहे



गेल्या हंगामात ऊसनोंदीसाठी जामनेर भागात फिरत असता कांग नदीकाठच्या एका सभासदाच्या घरी आम्ही चहाला थांबलो. ओट्यावर त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. उजवा हात कडबाकुट्टीत कोपरापासून गेलेला. आम्ही विचारले, "यांच्या नावानेही नोंद करायची का?" थोरले म्हणाले, "साहेब, सातबाऱ्यावर नाव आहे त्याचं, पन त्याच्यानं आता काय होतंय?" भाऊ ऐकत होता, बोलला नाही. आम्हीही कागद आवरले आणि निघालो. भावाला एक शब्द विचारायला हवा होता, तो विचारला नाही. तेव्हापासून मनाला टोचणी आहे.

"त्याच्यानं काय होतंय" याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी दिले गेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे व साधनाताईंनी 1949 साली खडकाळ, झुडपी रानात आनंदवन सुरू केले. सोबतीला मोजके कुष्ठरोगी होते. बोटे झडलेल्या हातांनी त्यांनी विहीर खोदली, भाजीपाला पिकवला. पण तो माल गावात घ्यायला लोक कचरत. पुढे 1950 च्या दशकात निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक तिथे आले, रुग्णांच्या बरोबरीने राबले, तिथलेच अन्न जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू मोडली. जे व्याख्यानांनी झाले नसते, ते एका पंगतीने झाले.

मूल तालुक्यातील सोमनाथ येथेही तेच. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. भर मे महिन्यात कॉलेजची पोरे-पोरी यायची. सकाळी कुदळ-फावडे, नंतर चर्चा आणि गाणी. बांधबंदिस्ती शिकवायला कुष्ठमुक्त शेतकरी! ज्याला गावाने बाहेर काढले, तोच तिथे मास्तर. 1985 साली बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' सायकल यात्रा काढली, तीत अपंग तरुणही होते.

आता आपले बघा. पूर्वी आपण अपंग म्हणत होतो, आता दिव्यांग म्हणतो. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखल्या. चांगले झाले. पण नोकरी किती जणांना पुरणार? शेती तर आपल्या दारात आहे. शब्द बदलला, ओट्यावरचा माणूस मात्र ओट्यावरच राहिला.

आमची सूचना साधी आहे. एक डोळ्याच्या रोपांची लागवड आता आपल्याला नवी नाही. पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप धरले, तर एकरी 4356 रोपे लागतात. नांग्या भरायला वरची वेगळी. ट्रे भरणे, डोळा ठेवणे, झारीने पाणी देणे, मेलेले रोप काढणे, मोजदाद ठेवणे ही कामे बसून होतात. ट्रे कमरेइतक्या उंच मांडवावर ठेवले की एका हातानेही होतात. गावच्या पडीक सार्वजनिक जागेवर अशी रोपवाटिका काढावी, कडेला भाजीपाल्याचे वाफे करावेत. दिव्यांग सभासद व सभासदांच्या घरचे दिव्यांग यांनी ती चालवावी आणि गावातल्या तरुण मंडळाने आठवड्यातला एक दिवस त्यांच्या हाताखाली काम करावे.

'हाताखाली' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. तासभर येऊन फोटो काढणारी मंडळी नकोत. पोरांनी पाण्याच्या कावडी आणाव्यात, खत उचलावे आणि कोणते रोप लावणीला आले हे मांडवापाशी बसलेल्याला विचारावे. रोपांचे पैसे मात्र राबणाऱ्याच्या खात्यात, त्याच्याच नावाने जमा व्हावेत. कीव पोटाला पुरत नाही, बरं का.

काही जण म्हणतील, काम सावकाश होईल. होईल. पण रोप महिन्याभराचे झाल्याखेरीज तसेही लावता येत नाही. उसाला धीर धरणाऱ्या शेतकऱ्याने माणसाला थोडा धीर दिला तर बिघडते काय?

येत्या नोंदीला आम्ही त्या घरी पुन्हा जाणार आहोत. या वेळी आधी ओट्यावरच बसू आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे, त्यालाच विचारू. तुमच्या घरी येऊ तेव्हाही असेच करू. राग मानू नये.