ऐकणाऱ्याची सनद

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



अमरावतीच्या जिल्हा न्यायालयात हयात घालविलेल्या एका वकिलाचे हे पत्र आहे, आणि कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्या माणसाला जगाकडे सनदा-परवान्यांच्या फटीतून पाहण्याची जी खोड जडते ती या पत्रातही उमटेल, तिची माफी आगाऊच मागून ठेवतो. आमच्या कचेरीच्या दाराशी छत्री उघडून बसणारा मुद्रांकविक्रेता परवान्यावाचून पाचशे रुपयांचा कागद विकू शकत नाही. माझ्या काळ्या कोटामागे वकील परिषदेची सनद आहे, आणि अशिलाशी दगा केल्यास ती काढून घेण्याचा त्या परिषदेस अधिकार आहे. कपाशीवर फवारायचे औषध विकणाऱ्यासदेखील १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. परंतु त्याच कपाशीने ज्याचे मन खचविले त्या शेतकऱ्याला, अथवा त्याच्या शहरात शिकावयास धाडलेल्या मुलाला समोर बसवून, फी घेऊन, त्याच्या अंतःकरणाची कुलपे उघडणारा जो इसम, त्याने ही मुभा कोणाकडून मिळविली, असा सवाल करणारा साधा शिपाईसुद्धा अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मला भेटलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात दर्यापूर तालुक्यातील, खारपाणपट्ट्यातला एक जुना अशील माझ्याकडे आला. मुलगा अकोल्यास वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला. गुण घसरले, झोप उडाली, म्हणून कोणी सुचविलेल्या एका समुपदेशकाकडे बापलेक गेले. "वकीलसायेब," तो म्हणाला, "मशीनवर पोराच्या दाही बोटायचे ठसे घेतले, अन् म्हने याच्यात डाक्टरकीच नाई. पोरगं तवापासून बोलेनासं झालं." या निदानासाठी सोयाबीनच्या दोन पोत्यांचे पैसे मोजले गेले होते. बोटांच्या रेषांवरून बुद्धी मोजता येते यास शास्त्राचा आधार नाही, हे मी त्यास सांगितले. पण दाद मागायची कोठे, या त्याच्या पुढच्या प्रश्नापाशी माझी चाळीस वर्षांची वकिली थबकली. ग्राहक आयोगात पैसे परत मिळतील, कदाचित. परंतु त्या इसमाने उद्या दुसऱ्या पोराला बसवू नये, असा हुकूम देणारी चावडी मला दाखविता येईना.

विरोधाभास असा की, हेच काम त्या इसमाने लिंबाखाली बसून, अंगाऱ्याने आणि चाबकाने केले असते, तर त्याच्यासाठी आपल्या राज्याकडे चोख कायदा आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, आधी वटहुकूम आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये अधिनियम म्हणून आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, भूत उतरविण्याच्या मिषाने दोरखंडाने बांधणे, मिरचीची धुरी देणे, जोड्याने पाणी पाजणे हे सारे नाव घेऊन नमूद आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. मेळघाटात तान्ह्या मुलाच्या पोटाला तापल्या लोखंडाचा डंबा देणाऱ्यावर गुन्हा नोंदविता येतो, कारण डाग दिसतो. वातानुकूलित खोलीत, मधुर वाणीने दिलेल्या डागाला पंचनामा नाही. गाडगेबाबांच्या या मुलुखात भगताकडे जाणारा माणूस निदान मनातून थोडा शरमतो. भिंतीवरच्या चौकटीतील प्रमाणपत्रापुढे मात्र तो निःशंक होऊन मान तुकवितो.

या निःशंकतेचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीती काल्पनिक नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात, हुडकेश्वर पोलिसांनी समुपदेशन केंद्र चालविणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञास अटक केली. व्यक्तिमत्त्वविकासाच्या निवासी शिबिरांच्या आडून त्याने विद्यार्थिनींचे लैंगिक शोषण केले आणि हे सुमारे पंधरा वर्षे चालले, असा त्याच्यावर आरोप आहे. आरोपाचा निवाडा न्यायालय करील आणि त्यावर भाष्य करणे माझ्या पेशास शोभणार नाही. मला खटकते ते इतकेच की, या पंधरा वर्षांत ज्या घरांना पुसट शंका आली असेल, त्यांच्यापुढे पोलीस ठाण्याची पायरी आणि मौन यांच्यामध्ये तिसरी जागाच नव्हती; आणि मुलीच्या नावाची चर्चा नको म्हणून आपल्याकडची घरे त्या दोहोंतून काय पत्करतात, हे आपणास सांगावयास नको.

कायदे नाहीत, असेही नाही. दप्तरे तीन आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंद १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे. संस्थांची नोंद आणि रुग्णांचे हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाकडे. आणि उरलेले मानसशास्त्रज्ञ व आरोग्य-समुपदेशक २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याकडे, ज्यात नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास ५०,००० रुपये दंड सांगितला आहे. या शेवटच्या कायद्याने राज्य परिषद नेमण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली, आणि ती पार पाडा म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. परिषदेची पाटी मुंबईत लागणे आणि ती परिषद दर्यापूरच्या माणसास सापडणे, यांत फार अंतर आहे. शिवाय पाटीवरचा 'समुपदेशक' हा शब्द पुसून 'मार्गदर्शक' किंवा 'लाइफ कोच' असा लिहिला, की इसम कायद्याच्या चिमट्यातून अलगद निसटतो. म्हणून नियमांचा मसुदा होईल तेव्हा त्यात व्यवसायाच्या नावापेक्षा कृत्याची व्याख्या असावी, अशी माझी पहिली विनंती आहे.

नावावर बेतलेल्या बंधनाची हीच फट अन्यत्रही दिसते. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निकालानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, समलिंगी व्यक्तींना 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. उत्तम झाले. पण ते बंधन सनदी डॉक्टरांवर. "लग्न लावून द्या, सुधारेल" असा सल्ला विकणाऱ्या बिनसनदी माणसास त्याची झळ नाही, आणि त्या सल्ल्याने दोन घरे बुडतात, ती नंतर घटस्फोटाच्या कागदांतून माझ्यासारख्याच्या टेबलावर येतात.

आता दुसरी बाजू, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. सनद म्हणजे पदव्युत्तर पदवी, असे समीकरण मंत्रालयात मांडले गेले तर वऱ्हाड उघडा पडेल. याच अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावचीच साधी माणसे शिकवून, त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ उभे करून तो चालविला, आणि दीड वर्षात उदासीनतेच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. त्याचा अहवाल २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात आला. खुद्द शासनाचा 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ पासून आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत अशाच गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या आधारे उभा राहिला. त्या कार्यकर्तीपाशी पदवी नाही, पण तिच्यावर देखरेख आहे. तिचे चुकले तर विचारणारा वर कोणी बसलेला आहे. सनदेच्या दोन पायऱ्या कराव्या आणि खालच्या पायरीला पदवीऐवजी देखरेखीची अट घालावी, एवढे औदार्य मसुद्यात असू द्यावे.

जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेस पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले आहे. अकोल्यातल्या शिकवण्यांची संख्या पाहता ही माणसे थोड्याच अवधीत शोधावी लागतील, आणि पात्रतेची नोंदवही जिल्ह्यात उपलब्ध नसेल, तर जागा कोण भरील हे ओळखण्यास ठसे घेण्याचे यंत्र नको. ती नोंदवही, आणि तिच्या शेजारी नाव गुप्त ठेवून फिर्याद घेणारा एक कारकून, अमरावतीस इर्विन रुग्णालयात व अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बसविण्याची तजवीज व्हावी.

माझ्या अशिलाने त्या मुलाचा अहवाल माझ्याकडे ठेवला आहे. रंगीत, गुळगुळीत कागदांचे ते बाड आहे, आणि त्याच्या शेवटच्या पानावर, भिंगाखेरीज वाचता येऊ नये अशा टाइपात, या निष्कर्षांवरून घेतलेल्या कोणत्याही निर्णयास संस्था जबाबदार राहणार नाही, असे छापलेले आहे. आपल्या खात्यास हवी असल्यास नक्कल पाठवीन.

आपला,
अमरावती येथील एक वकील