डूलिटल हल्ला : शौर्यकथेने वगळलेली माणसे

१/ १८ एप्रिल १९४२. लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली १६ बी-२५ विमाने ‘हॉर्नेट’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून जपानकडे झेपावली. पर्ल हार्बरच्या पराभवानंतर जपानच्या मुख्य भूमीवरचे हे पहिले प्रत्युत्तर. त्याची कथा सहसा वैमानिकांच्या धाडसापाशी संपते. ती तिथे संपवणे अन्यायाचे आहे.

२/ बी-२५ हे मध्यम श्रेणीचे, दोन इंजिनांचे बॉम्बर. जड बॉम्बरला नौकेची धावपट्टी अपुरी, तर नौदलाच्या विमानांचा पल्ला अपुरा. बी-२५ या दोहोंच्या मधले. जादा इंधनटाक्या बसवून त्याचा पल्ला वाढवण्यात आला.

३/ मात्र नौकेवरून उडालेले हे विमान नौकेवर परत उतरू शकत नव्हते. म्हणून बॉम्बफेकीनंतर चीनमधील झेजियांग प्रांतात उतरण्याचे ठरले. चीनची भूमी हा या योजनेचा कणाच होता.

४/ जपानी गस्ती नौकेच्या दृष्टीस पडल्याने उड्डाण सुमारे दहा तास आधी करावे लागले. एक विमान व्लादिवोस्तोकजवळ उतरले. उरलेली १५ इंधन संपत आल्याने चीनमध्ये वा किनाऱ्यालगत कोसळली. ८० जणांपैकी ३ दगावले, ८ जपान्यांच्या हाती लागले. चीनमधून सुखरूप सुटलेल्या ६४ जणांना शेतकरी, कोळी आणि गनिमी सैनिकांनी आसरा दिला, वाट दाखवली.

५/ त्याची किंमत भयंकर होती. मे ते सप्टेंबर १९४२ या काळात जपानी सैन्याने झेजियांग-जियांग्शी मोहिमेत धावपट्ट्या उखडल्या, गावे जाळली, रोगजंतूही पसरवले. मृतांचा आकडा अडीच लाखांपर्यंत गेल्याचा अंदाज वर्तवला जातो.

६/ हल्ला निष्फळ होता, असे नव्हे. प्रत्यक्ष नुकसान किरकोळ असले, तरी अमेरिकेचे मनोधैर्य सावरले आणि यामामोतो यांच्या मिडवे योजनेला बळ मिळाले. जूनमध्ये तिथे जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. शिवाय कत्तलीचा दोष कत्तल करणाऱ्यांचाच.

७/ तरीही एक प्रश्न उरतो. झेजियांगवर ओढवणारे संकट ओळखून च्यांग काय-शेक यांनी मोहीम लांबणीवर टाकण्याची विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. धोका ठाऊक होता, पण तो पत्करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या माथी मारला.

८/ वैमानिकांनी जोखीम जाणून स्वीकारली होती; ते स्वयंसेवक होते. गावकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. तरीही त्यांनी दारे उघडली. या हल्ल्याच्या इतिहासात पहिल्या पानाचा मान त्यांनाही मिळायला हवा.