पोटमाळ्यावरचा कॉम्प्युटर

गेल्या वैशाखात वहिनींनी पोटमाळा आवरायला काढला आणि मला निरोप धाडला, "भाऊजी, एक खोका सापडलाय. भंगारात घालू की तुम्ही नेताय?" खोक्यात एक काळा कीबोर्ड, एक जडशीळ ॲडॉप्टर, वायरींचं भेंडोळं आणि सात कॅसेटी होत्या. एका कॅसेटीवर दादांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'आंबा 89. रन करू नये. गो टू 10.'

दादांना जाऊन दोन वर्षं झाली. बागेचा हिशेब ते कॉम्प्युटरवर ठेवतात याची तेव्हा आम्ही थट्टाच केली होती.

तो कीबोर्ड म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर, हे आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटत नाही. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल 1982 मध्ये इंग्लंडात 'झेडएक्स स्पेक्ट्रम' बाजारात आणला. पडद्याच्या जागी घरचा टीव्ही, साठवणीला घरचाच टेपरेकॉर्डर. स्मरणशक्ती 48 केबी, म्हणजे आज मोबाइलवर येणाऱ्या एका 'सुप्रभात'च्या चित्रालाही अपुरी. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1988 साली तो परवान्याने इथे आणला, 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने. दादांनी तो पुण्याहून एस.टी.ने मांडीवर ठेवून आणला होता.

त्या काळी आम्ही बँकेत मात्र यंत्राच्या नावाने बोटं मोडत होतो. रंगराजन समितीचा अहवाल 1984 चा. पुढे शाखांमधून खतावणीची यंत्रं आली आणि आमच्यातल्या निम्म्यांना वाटलं, आता नोकरी गेली. माझे थोरले बंधू त्याच सुमारास ओटीवर बसून बेसिक शिकत होते. थट्टेमागे ही भीतीही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

असा खोका तुमच्याही माळ्यावर असेल, तर एक विनंती: उत्साहाच्या भरात प्लग लावू नका. मी लावणारच होतो. आमच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने हात धरला. स्पेक्ट्रमला 9 व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो, पण त्याच्या पिनीचा मधला भाग ऋण असतो. हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरांचा मधला भाग धन. पिन बसते, दिवा लागतो आणि चाळीस वर्षं टिकलेलं यंत्र एका क्षणात जातं. म्हणून आधी मीटर लावायचा. जुना ॲडॉप्टर भाराशिवाय मोजला तर 9 ऐवजी 12-13 व्होल्टही दाखवतो. त्याने घाबरायचं नाही, आत 5 व्होल्ट करून देणारा वेगळा भाग असतो. मग झाकण उघडायचं, पण तेही हळू. कीबोर्डाची प्लॅस्टिकची पातळ पट्टी वयाने कडक झालेली असते, हिसका बसला की तुटते. आतले कपॅसिटर सुकलेले असतात. नवे थोडक्या पैशांत मिळतात, ते बदललेले बरे. आमच्या खाऱ्या वाऱ्याने बोर्डावर हिरवट साय धरली होती. ती स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने निघाली.

टीव्हीचं प्रकरण निराळं. हे यंत्र अँटेनाच्या भोकातून बोलतं, चॅनल 36 वर. दूरदर्शनने आपली जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं 2022 पर्यंत जवळजवळ सगळी बंद केली. पण ज्या संचात ॲनालॉग ट्यूनर शिल्लक आहे, त्यावर चित्र येतं. शेजाऱ्यांचा जुना पेटीवजा टीव्ही आणला, खुंटी फिरवली आणि मुंग्यांमधून 1982 सालची ती एक ओळ वर आली. बटण दाबल्यापासून दोन-तीन सेकंद. कुणाचा पासवर्ड नाही, अपडेट नाही, परवानगी नाही.

इथे मला आमच्या एका पतसंस्थेची आठवण झाली. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारी धडधाकट यंत्रं एका तारखेला म्हातारी ठरली. संचालकांनी मला विचारलं, "साहेब, चालू आहेत ती मशिनं टाकायची कशी?" ठेवीदारांचा पैसा असलेल्या जागी असुरक्षित यंत्र ठेवू नका, हेच मला सांगावं लागलं आणि सांगताना वाईट वाटलं. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांचा भर मोडीत निघालेल्या वस्तूचं पुढे काय करायचं यावर आहे. वस्तू मोडीत निघू नये याची काळजी कोण वाहणार? दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये एक पोर्टल काढलं, हे चांगलंच. पण बाजारातला दुरुस्तीवाला साठीचा आहे आणि त्याचा मुलगा पुण्यात मोबाइल विकतो. स्पेक्ट्रमच्या हृदयस्थानी असलेली झेड-80 ही चिप 1976 मध्ये आली आणि तिच्या मागण्या घेणं कंपनीने थांबवलं ते 2024 मध्ये. इतकं आयुष्य आता कुठल्या सुट्या भागाला मिळतं?

कॅसेट मात्र तीन संध्याकाळी रुसली. पडद्याच्या कडेला पट्टे धावायचे, किर्र किर्र आवाज यायचा आणि शेवटी 'टेप लोडिंग एरर'. दुरुस्तीवाल्याने टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, त्याचा बारीक स्क्रू पाव आटा फिरवला आणि आवाज थोडा चढवला. चौथ्या संध्याकाळी प्रोग्रॅम आत गेला. 'रन' का करायचं नाही तेही तेव्हा समजलं: स्पेक्ट्रमवर 'रन' म्हटलं की आधी भरलेले सगळे आकडे पुसले जातात. दादांनी आकडे प्रोग्रॅमच्या पोटातच ठेवले होते.

गो टू 10. पडद्यावर तारखा आल्या, पाठवलेल्या पेट्या, मुंबईच्या दलालाची पट्टी, आणि शेवटच्या रकान्यात फरक. मे महिन्यात तीन वेळा, दर खेपेला चार-चार पेट्या कमी.

वहिनी चष्मा सावरत पुढे झाल्या. "तरीच," त्या म्हणाल्या, "पुढल्या साली यांनी दलाल बदलला. मला म्हणाले होते, त्याचा स्वभाव पटत नाही."