हजेरीपटावरील तारखा

सालाबादप्रमाणे हा दीपावली अंक वाचकांच्या हाती देताना एका आक्षेपाची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. राष्ट्रावर कोसळलेली आपत्ती शाळकरी मुलाच्या मनात कोणत्या वाटेने उतरते, हा यंदाच्या विशेष विभागाचा विषय सणाच्या उल्हासाशी विसंगत आहे, असे काही स्नेह्यांनी कळविले. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही आम्ही विषय बदलला नाही, कारण ही वाट बहुधा शाळेतूनच जाते, आणि तिच्याविषयी लिहिण्यास शाळेत बसलेल्या माणसांखेरीज दुसरा कोणी अधिकारी नाही, अशी आमची दृढ श्रद्धा आहे.

प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण पुण्यात झाले, आणि ते पानशेतचा पूर व कोयनेचा भूकंप या दोन उत्पातांच्या दरम्यान झाले. बांधकाम पुरते झालेले नसतानाच ज्यात पावसाळ्याचे पाणी अडविले होते, ते पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि मुठेच्या काठच्या पेठा पाहता पाहता पाण्याखाली गेल्या. त्यामागची सरकारी कैफियत आणि चौकशीचे अहवाल आम्ही मोठेपणी वाचले. त्या वेळी आम्हांस ठाऊक होती ती शाळेच्या भिंतीवर पुरुषभर उंचीवर उमटलेली गाळाची आडवी रेघ. शाळा पुन्हा भरली तेव्हा गणिताच्या सरांनी पुस्तक उघडलेच नाही. पुस्तके होती तरी कोणाकडे? त्यांनी फीत आणविली आणि प्रत्येक वर्गातील त्या रेघेची जमिनीपासूनची उंची आमच्याकडून मोजून घेतली. ती ठिकठिकाणी निरनिराळी भरू लागली, तेव्हा पाणी सर्वत्र एकाच पातळीवर राहते, खालीवर आहेत त्या फरशा, हे त्यांनी आमच्याच तोंडून वदविले. पुराचे नाव काढताच जी मुले रडू लागत, तीही त्या दिवशी फितीचे टोक धरून उभी होती. वर्गशिक्षिका बाईंनी हजेरी घेतली ती अशी, की ज्यांची घरे वाहून गेली होती व जी नातलगांकडे परगावी गेली होती, त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण न करता त्या चौकोनात सासवड, वाई, नगर अशी गावांची नावे बारीक अक्षरांत लिहिली. नियमाला ते धरून होते की नाही, याचा विचार करण्याची गरज आम्हांस आजही वाटत नाही.

पुढल्या वर्षी २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले आणि दिवाळी अगदी तोंडावर आली असता तवांग पडल्याची वार्ता आली. नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) हा शब्द आम्ही त्याच सुमारास प्रथम ऐकला. सुट्टीनंतर भूगोलाच्या तासाला नकाशावर से ला आणि बोमदिला शोधून काढीत असतानाच ती ठाणीही गेली, आणि फटाक्यांचे पैसे संरक्षण निधीच्या डब्यात टाकलेली मुले त्या डब्याचे पुढे काय झाले, असे सरांना विचारू लागली. सरांनी पावती आणून वर्गात वाचून दाखविली. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ च्या पहाटे ताश्कंदला निवर्तले, तेव्हाची शोकसभा आम्हांस जवळजवळ स्मरत नाही. स्मरतात त्या त्यांच्या उपासाच्या आवाहनावरून चूल न पेटलेल्या सोमवारच्या संध्याकाळी, आणि मंगळवारी सकाळी एकमेकांना ‘तू जेवलास का रे?’ असे विचारणारी मुले. मुलांना नुसते उभे करून शोक शिकविता येतो, यावर आमचा विश्वास नाही. त्यांच्या हाताला काही काम द्यावे लागते.

म्हणूनच २०२० सालची आपत्ती आम्हांस निराळी आणि अधिक क्रूर वाटते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा राहिलेला पेपर रद्द झाला, आणि पुढल्या वर्षी तर दहावीची परीक्षाच झाली नाही. घरातील माणूस रुग्णालयातून परत आले नाही हे ज्या मुलाला कळले, त्याला बाक नव्हता, शेजारचा मुलगा नव्हता, फीत आणविणारे सर नव्हते. होता तो हातातील मोबाईलचा पडदा, आणि ज्यांच्या गावी रेंज नव्हती त्यांना तोही टेकडी चढल्यावाचून मिळत नव्हता. शिक्षकांनी पराकाष्ठा केली; कोणी वाड्यावस्त्यांवर जाऊन ओट्यावर शाळा भरविली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. तथापि संकटाच्या वेळी ज्या ठिकाणी मूल धावत जाई, नेमके तेच ठिकाण या संकटाने कुलूपबंद केले, आणि त्या दीड वर्षात काय घडले याची विचारपूस शाळा उघडल्यावर फार थोड्या ठिकाणी झाली. अभ्यासक्रम कसा भरून काढावा, याच्या तजविजीत सारे गुंतले होते.

ती विचारपूस उशिराने का होईना व्हावी, म्हणून आम्ही त्या काळी शाळेत असलेल्या वाचकांकडून आठवणी मागविल्या. त्यांतील निवडक मजकूर या अंकात येत आहे. शुद्धलेखन आम्ही सुधारले आहे, वाक्ये सुधारलेली नाहीत, आणि ज्यांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली त्यांच्या मजकुराखाली केवळ इयत्ता व जिल्हा दिला आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून निजलेल्या गावांतील त्या वेळच्या मुलांचीही पत्रे आली. ती आता मध्यम वयाची माणसे आहेत. त्यांची पत्रे वेगळी न काढता इतरांच्या मधोमध, इयत्तेच्या क्रमाने लावली आहेत, जेणेकरून किल्लारीचा चौथीतला मुलगा आणि २०२० मधील चौथीतली मुलगी समोरासमोरच्या पानांवर यावीत. जागेअभावी राहिलेला मजकूर पुढील दोन अंकांत क्रमशः देऊ.